बेअरिंग गेलं की गिरणी थांबते

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या बचत गटांबरोबर मी काम करते. आपल्या बैठकीत बचत, कर्ज आणि हप्ता यांवर तासभर बोलणं होतं. पण ज्या मशीनच्या जिवावर तो हप्ता फेडायचा असतो, त्या मशीनबद्दल पाच मिनिटंही कोणी बोलत नाही. म्हणून आज मशीनबद्दल बोलू या, आणि त्यातही एका लहानशा भागाबद्दल. त्याला बेअरिंग म्हणतात.

आधी आमच्यावर काय वेळ आली ते सांगते. कशेळे भागातल्या आमच्या एका गटाने कर्ज काढून दळायचं मशीन घेतलं. त्याला पल्वरायझर म्हणतात. मोटर वेगळी, तिच्यावरून पट्टा, पट्ट्याने फिरणारा शाफ्ट, आणि शाफ्टच्या टोकाला लोखंडी हातोड्यांचं चाक. भोवती जाळी. भाकरीसाठी तांदळाचं पीठ, हळद, मसाला, सगळं त्यावर निघतं. आपल्याकडे मसाल्याचा हंगाम एप्रिल-मे. वर्षाची निम्मी कमाई त्या दोन महिन्यांत होते.

त्या वर्षी होळीपासून मशीनचा आवाज बदलला होता. आधी नुसती घरघर असायची, मग त्यात बारीक कुईकुई मिसळली. आमच्यातली एक काकू म्हणाली सुद्धा, “आज मशीन रडतंय गं.” आम्ही हसलो आणि गिऱ्हाईक उरकायच्या मागे लागलो. एप्रिलअखेर, दारात मिरच्यांच्या पिशव्यांची रांग लागलेली असताना, मशीन घर्र करून अडकलं. पट्टा घसरून जळाल्याचा वास आला.

मेकॅनिक चौथ्या दिवशी आला. त्याने हातोड्याने ठोकून नवं बेअरिंग बसवलं, पैसे घेतले आणि गेला. तीन आठवड्यांत पुन्हा तोच आवाज! मशीन उघडलं तर हातोड्या जाळीला घासलेल्या, जाळी एका ठिकाणी फाटलेली, आणि मशीनच्या तळाशी पिठात चमकणारा लोखंडाचा कीस. तो कीस बघून आम्ही सगळ्या गप्प झालो. हे पीठ कोणाच्या तरी लेकराच्या भाकरीत गेलं असतं. हप्ता त्या महिन्यात बचतीतून भरला, पण या कीसाची भरपाई कशातून करणार?

त्याच आठवड्यात कामानिमित्त मी खालापूर तालुक्यात चौकच्या बाजूला गेले होते. तिथे एका सुतारदादांनी त्यांचं रंधा मशीन उघडून ठेवलं होतं. फळी गुळगुळीत करायचं ते मशीन. त्यात पाती लावलेला रूळ असतो आणि तो दोन्ही टोकांना बेअरिंगवर फिरतो. मी विचारलं, “दादा, काय झालं?” ते म्हणाले, “ताई, फळीवर लाटा उठायला लागल्या. बेअरिंग ढिलं झालं की रूळ नाचतो, आणि रूळ नाचला की पातं एका जागी जास्त कापतं, एका जागी कमी.” मी आमची हकीकत सांगितली. ते म्हणाले, “रोग एकच आहे. तुमच्या बायांना घेऊन या, दाखवतो.” दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी गेलो. त्यांनी रंध्याचं बेअरिंग आमच्यासमोर काढलं आणि नवं आमच्याच हातांनी बसवून घेतलं. मग आम्ही आमचं मशीन स्वतः उघडलं. आज सांगते ते सगळं त्या दोन दिवसांत शिकलेलं आणि पुढे वापरून पाहिलेलं आहे.

बेअरिंग म्हणजे काय? आपलं जातं आठवा. खालच्या तळीत उभी खीळ असते आणि वरच्या तळीच्या भोकात लाकडाची माकडी बसवलेली असते. वरची तळी त्या माकडीच्या आधाराने खिळीभोवती फिरते. माकडी झिजली की तळी डगमगते आणि पिठात कणी येते. मशीनमध्ये माकडीचं काम बेअरिंग करतं. फिरणाऱ्या शाफ्टला ते जागेवर धरून ठेवतं आणि सहज फिरूही देतं.

त्याचे चार भाग असतात. आतली कडी शाफ्टवर घट्ट बसते आणि शाफ्टबरोबर फिरते. बाहेरची कडी लोखंडी घरात, म्हणजे हाउसिंगमध्ये, बसते आणि स्थिर राहते. दोन्हींच्या मध्ये पोलादाच्या गोळ्या असतात. सायकलच्या चाकातले छर्रे असतात तशाच. आणि गोळ्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून पत्र्याचा पिंजरा असतो. काही बेअरिंगमध्ये गोळ्यांऐवजी लहान रूळ असतात, ते जास्त भार घेतात. जड कपाट सरकवताना आपण खाली गोल दांडके घालतो ना, तीच युक्ती. घासण्याऐवजी गडगडणं.

आता त्याच्या कष्टांचा हिशोब करा. मोटर मिनिटाला १,४४० फेरे घेते, आणि मोटरची पुली शाफ्टच्या पुलीच्या दुप्पट मोठी असेल, तर शाफ्ट मिनिटाला २,८८० फेरे घेतो. तासाला होतात १,७२,८०० फेरे. इतकं फिरताना दोन कड्यांमध्ये पिठाचा किंवा मिरचीपुडीचा कण गेला, तर तो पोलादाला कानशीसारखा घासतो.

मशीन थांबण्याचा वैताग काही आपल्यालाच आलेला नाही. माथेरानची गाडी नेरळहून सुरू झाली ते साल १९०७. त्याच वर्षी तिकडे स्वीडनमध्ये स्वेन विंगक्विस्ट नावाच्या माणसाने एक नवं बेअरिंग तयार केलं. तो एका कापड गिरणीत यंत्रांची देखभाल करायचा. गिरणीखालची जमीन भुसभुशीत चिकणमातीची. ती सरकायची, मग शाफ्ट वाकडे व्हायचे आणि बेअरिंग वारंवार जायचं. त्याने शाफ्ट थोडा कलला तरी जुळवून घेणारं बेअरिंग काढलं आणि त्यातून जगभर चालणारा धंदा उभा राहिला. रोज मशीनजवळ उभं राहणाऱ्या माणसाला मशीनचं दुखणं सगळ्यात आधी कळतं. आपल्या मशीनजवळ रोज आपणच उभ्या असतो.

बेअरिंग जायला आलं हे कसं ओळखायचं?

पहिली खूण आवाजाची. नेहमीच्या घरघरीत कुईकुई, खरखर किंवा टकटक ऐकू आली, तर त्या दिवशीच लक्ष द्या. आवाज कुठून येतो ते नीट ऐकायचं असेल, तर लांब लाकडी काठीचं एक टोक हाउसिंगच्या स्थिर लोखंडावर टेकवा आणि दुसरं कानाजवळच्या हाडाला लावा. पण पदर खोचलेला, वेणी बांधलेली आणि पट्टा जाळीआड झाकलेला असेल तरच. फिरणाऱ्या भागाला काठी कधीही लावायची नाही.

दुसरी खूण उष्णतेची. दळण संपल्यावर मशीन बंद करा, पूर्ण थांबू द्या, आणि हाउसिंगला हात लावा. कोमट लागलं तर ठीक. हात चटकन मागे घ्यावा लागला तर बिघाड आहे.

तिसरी खूण ढिलेपणाची. वीज बंद करून पट्टा उतरवा. पुली दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून बघा. खटखट जाणवली तर बेअरिंग झिजलंय. मग पुली हाताने सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं. खराब झालेलं असेल तर आत वाळू असल्यासारखं बोटांना कळतं.

चौथी खूण ग्रीसची. हाउसिंगच्या कडेने काळं, पातळ ग्रीस गळत असेल तर आतलं ग्रीस जळतंय.

आमच्या मशीनने यातल्या तीन खुणा महिनाभर दाखवल्या होत्या.

आता मशीन उघडायचं कसं ते ऐका. पहिला नियम विजेचा. मेन स्विच बंद करायचा, फ्यूज काढून गटातल्या एकीच्या हातात द्यायचा, आणि स्विचवर “काम चालू आहे” अशी पाटी लावायची. त्या बाईने फ्यूज हातावेगळा करायचा नाही. घरातलं एखादं लहान मूल किंवा नुकतंच आलेलं गिऱ्हाईक नकळत बटण दाबू शकतं.

मग मोबाइलवर फोटो काढत एकेक भाग सोडवा. पट्टा, जाळी, हातोड्यांचं चाक, पुली. चाकाचा नट कधीकधी उलट्या आट्यांचा असतो. तो सुटत नसेल तर जोर लावण्याआधी आटे कोणत्या दिशेचे आहेत ते बघा. नट आणि वॉशर ताटात क्रमाने मांडून ठेवा. हाउसिंगच्या दोन्ही बाजूंची झाकणं काढून, शाफ्टच्या टोकावर लाकडी ठोकळा धरून हलकेच ठोकलं की शाफ्ट बेअरिंगसकट बाहेर येतो.

शाफ्टवरून बेअरिंग ओढायला पुलर लागतो. त्याचे दोन किंवा तीन आकडे आतल्या कडीच्या मागे अडकवायचे आणि मधला स्क्रू शाफ्टच्या टोकावर टेकवून फिरवायचा. बेअरिंग सरळ बाहेर येतं. बेअरिंगवर थेट हातोडा मारू नका. ते पोलाद फार कडक असतं, ठिकरी उडून डोळ्यात जाऊ शकते. डोळ्यांना चष्मा हवाच. लहान पुलर फार महाग नसतो. ग्रामसंघाने एक घेऊन ठेवला तर सगळ्या गटांना पुरतो.

जुनं बेअरिंग पुसा आणि कडीवरचा आकडा वाचा. तो इंग्रजी आकड्यांत कोरलेला असतो. आमच्या मशीनवर ६२०५ होता, तुमच्यावर वेगळा असेल. शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याहून मोठे असतील, तर त्यांना पाचने गुणा. ०५ म्हणजे पाच पंचे पंचवीस. आतलं भोक २५ मिलिमीटर. ६२०६ असेल तर ३०. पण नुसतं भोक जुळून चालत नाही. ६२०५ बाहेरून ५२ मिलिमीटर आणि जाडीला १५ असतं. ६३०५ चं भोक तेवढंच, पण बाहेरून ते ६२ आणि जाडीला १७. दुकानदार म्हणाला, “ताई, हेच चालेल,” तर आकडा पुन्हा वाचायचा.

आकड्यापुढे अक्षरं असतात. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. टू-आर-एस म्हणजे दोन्ही बाजूंना रबराची झाकणं. पीठ-मसाल्याच्या धुळीत रबराची झाकणं जास्त चांगली. सी-३ लिहिलं असेल तर आत थोडी जास्त जागा सोडलेली असते. आधीचं सी-३ असेल तर नवंही तेच घ्या. जुनं बेअरिंग सोबत नेऊनच खरेदी करा, बंद खोक्यातलं घ्या आणि बिल मागून घ्या. बाजारात नकली माल येतो. भाव फारच कमी असेल किंवा कडीवरची अक्षरं पुसट असतील तर घेऊ नका. आणि घ्यायची तर दोन्ही बाजूंची दोन घ्या. एक झिजलं असेल तर दुसऱ्यानेही तेवढेच फेरे घेतलेले असतात.

नवं बसवण्याआधी शाफ्टची जागा तपासा. तिथे चर पडली असेल, निळसर डाग असेल, किंवा नवं बेअरिंग नुसत्या बोटाने सैल आत-बाहेर होत असेल, तर शाफ्ट झिजलाय. मग तो लेथवाल्याकडे न्यायचा. काहीजण पत्र्याची पट्टी घालतात किंवा शाफ्टवर पंचाने ठोके मारून घट्ट करतात. ते चार दिवस टिकतं आणि नव्या बेअरिंगचे पैसे वाया जातात.

आता आमच्या मेकॅनिकची चूक कुठे झाली ते सांगते. त्याने बाहेरच्या कडीवर ठोकून बेअरिंग शाफ्टवर चढवलं. तो मार बाहेरच्या कडीतून गोळ्यांवर आणि गोळ्यांतून आतल्या कडीवर गेला. कडीच्या गुळगुळीत वाटेवर बारीक खळगे पडले. बेअरिंग नवं दिसत होतं, पण बसवतानाच जखमी झालं होतं. सुतारदादांनी आमच्याकडून पाठ करून घेतलेला नियम असा: जी कडी घट्ट बसते, तिच्यावरच दाब द्यायचा. शाफ्टवर चढवताना आतल्या कडीवर, हाउसिंगमध्ये बसवताना बाहेरच्या कडीवर. आतल्या कडीएवढ्या रुंदीचा, सरळ कापलेला लोखंडी पाइपचा तुकडा घ्या. तो आतल्या कडीवर टेकवा आणि पाइपच्या टोकावर हलके, सारखे ठोके द्या. बेअरिंग तिरकं जायला लागलं तर लगेच थांबा. ते कडेला टेकलं की आवाज बदलतो, भरीव येतो. तिथे थांबायचं.

बेअरिंग सैल व्हावं म्हणून ते चुलीवर किंवा गॅसवर तापवू नका. रबर वितळतं, ग्रीस जळतं आणि पोलादाचा कडकपणा जातो. बसवायची वेळ येईपर्यंत खोकं उघडू नका, आणि नवं बेअरिंग रॉकेल-डिझेलने धुऊ नका. झाकणवाल्या बेअरिंगमध्ये ग्रीस आधीच भरलेलं असतं. झाकण नसलेलं असेल तरच ग्रीस भरा, आणि तेही मोकळ्या जागेच्या साधारण एक तृतीयांश. ठासून भरलेलं ग्रीस आतच घुसळलं जातं आणि तापतं. गोडेतेल किंवा खोबरेल अजिबात नाही. ग्रीसचा थेंबही दळणाच्या बाजूला राहता कामा नये. खाण्याच्या पदार्थांच्या यंत्रांसाठी वेगळं ग्रीस मिळतं, ते घ्यावं.

सगळं जोडून झालं की दोन्ही पुल्यांवर दोरी ताणून त्या एका रेषेत आहेत का ते बघा. पट्टा मध्ये अंगठ्याने दाबला की साधारण बोटाच्या जाडीएवढा दबावा. त्याहून ताठ असेल तर रात्रंदिवस बेअरिंगला ओढत राहतो. पट्ट्याची जाळी परत बसवा. आधी हाताने फिरवा, मगच फ्यूज लावा. दहा-पंधरा मिनिटं मशीन रिकामं चालवा, बंद करून हात लावून बघा. मग अर्धा किलो तांदूळ दळा आणि ते पीठ फेकून द्या. त्याआधी त्या पिठात चुंबक फिरवायला विसरू नका. त्याला कीस चिकटला तर मशीन पुन्हा उघडायचं.

मोटरच्या आतही बेअरिंग असतात. पण मोटर आपण उघडायची नाही, ते वीजवाल्याचं काम.

बदलण्यापेक्षा जपणं स्वस्त. मशीन पाण्याच्या पाइपने धुऊ नका. ब्रश आणि कोरडं फडकं घ्या. हातोडी झिजली म्हणून एकच बदलू नका, समोरासमोरच्या जोडीने बदला. नाहीतर एका बाजूचं वजन वाढतं आणि शाफ्ट थडथडतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा ओली, काम कमी आणि मशीन बंद. बेअरिंगला गंज धरायचा काळ तोच. तेव्हा आठवड्यातून एकदा मशीन थोडा वेळ रिकामं चालवा. वीज नसेल तर निदान हाताने फिरवा.

आमच्या गटाने आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत. बचतीच्या रजिस्टरमागे एक मशीनची वही ठेवली आहे. रोज किती तास चाललं, पट्टा कधी बदलला, बेअरिंगचा आकडा काय, कोणत्या तारखेला बसवलं, हे त्यात लिहितो. दुसरं, दर किलोच्या दळणामागे एक रुपया देखभालीसाठी वेगळा ठेवतो. तिसरं, होळीच्या आधी दोन बेअरिंग आणि एक पट्टा आणून कपाटात ठेवतो. काही शे रुपयांचा हा माल हाताशी नव्हता म्हणून आमचा ऐन हंगाम हातचा गेला होता.

आणि एक गोष्ट कोणी ठरवली नाही, आपोआप झाली. त्या दिवशी “मशीन रडतंय” म्हणणारी काकू शाळेत चौथीपर्यंत गेलेली. आता रोज सकाळी मशीन चालू झालं की ती दोन मिनिटं काही न बोलता उभी राहते. तिने मान हलवली की दळण सुरू. तिने भुवई उंचावली की आम्ही पट्टा उतरवतो. कोणी हसत नाही.

तर मैत्रिणींनो, या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. तुमचं मशीन गिरणी असो, मसाल्याचं असो नाहीतर शेवयांचं, बंद करून त्याची पुली हाताने फिरवून बघा आणि बोटांना काय जाणवलं ते वहीत लिहा. चारचौघींना खरखर लागली तर जुन्या बेअरिंगचा आकडा घेऊन बाजारात जा. हंगाम दारात येऊन उभा राहायच्या आधी जा.